बेकरसाहेबांच्या रजेचं कारण

"हा अर्ज परत करा," कुलथेसाहेब म्हणाले. "कारण असमाधानकारक."

कुलथे आमचे पर्सोनेल मॅनेजर. मी टाइम ऑफिसमधला क्लार्क, प्रोबेशनवर, म्हणजे नोकरी अजून पक्की नाही. सातपूरच्या आमच्या कारखान्यात जर्मनीहून एक मोठं मशीन आलं होतं आणि ते बसवायला तिथल्या कंपनीचे बेकरसाहेब आले होते. अर्ज त्यांचाच होता. चार आठवडे रजा. कारणाच्या रकान्यात मी त्यांनी सांगितलेलंच लिहिलं होतं : 'समुद्रकिनारी पडून राहणे.'

छापील अर्ज मराठीत. बेकरसाहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून तो मी भरायचा आणि त्यांनी सही करायची. खरं तर त्यांना अर्जाची गरजच नव्हती, रजा त्यांच्या कंपनीने दिलेली होती. पण कुलथेसाहेबांचा नियम होता : गेटपास आमचा, तर अर्जही आमचा.

मी अर्ज परत घेऊन गेलो.

"दुसरं काही कारण?" मी विचारलं.

"रजा हेच कारण," बेकर त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "वर्षाला पाच आठवडे. घ्यावीच लागते. नाही घेतली तर आमचे लोक मला ओरडतील."

हे मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. आमच्याकडे वीस दिवस काम केलं की एक दिवस भरपगारी रजा जमायची, तीही वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तरच. जमलेली रजा माणसं लग्नाच्या दागिन्यासारखी जपायची. कुणी घेतलीच, तर तिला कारण लागायचं, आणि ते दुःखाचं असलेलं बरं. माझ्या रजिस्टरवर विश्वास ठेवायचा तर आमच्या मशीन शॉपमधल्या एका फिटरला एकूण पाच आज्या होत्या.

"तिकीट शनिवारचं आहे," बेकर म्हणाले. "मिळेल ना?"

कुलथेसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मशीन अर्धं बसलंय आणि हा वाळूत लोळणार? मी सही करायची कशावर? बघा साळवे, हा कागद नीट करून आणा. तुमच्या कन्फर्मेशनचा कागदही याच टेबलावर आहे."

घरी माझ्या लग्नाचं चाललं होतं, मुलीकडच्यांनी 'नोकरी पर्मनंट का?' एवढंच विचारलं होतं. मी जागेवर आलो, नवा अर्ज घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : 'वडिलांचे निधन.' बेकरांनी हसत सही केली. मला थँक यू म्हणाले. कुलथेसाहेबांनी चहा संपायच्या आत मंजूर केला.

इथवर ठीक होतं. पण सोमवारी कुलथेसाहेबांनी मशीन शॉपमध्ये शोकसभा लावली.

बेकर तोवर इटलीच्या किनाऱ्यावर पोचले असतील. इकडे मशीनं बंद करून दीडशे माणसं दोन मिनिटं उभी राहिली. युनियनचे गांगुर्डेदादा, सायखेड्याचे, चार शब्द बोलले. "वडलांना आपण पाह्यलं नव्हतं. पण पोरगा नट सुद्धा पुसून ठेवतो, म्हंजे बाप लय शिस्तीचा असणार." दोघांतिघांनी डोळे पुसले. मीही मान खाली घातली. ती वर करायची हिंमत नव्हती.

चार आठवड्यांनी बेकर परत आले. नाकाची सालटं निघालेली, अंग तांबूस, हातात चॉकलेटचा डबा. माणसं एकेक करून आली, न बोलता त्यांचा हात धरून उभी राहिली आणि गेली. बेकरांना वाटलं, आपली फार आठवण काढली यांनी. त्यांनी खिशातून फोटो काढले. एकात चड्डीवरचा गोल पोटाचा म्हातारा आइस्क्रीम खात होता.

"हे कोण?" गांगुर्डेदादांनी विचारलं. मी दुभाषा.

"माझे वडील."

"कधीचा म्हणायचा?"

"मागच्या आठवड्यातला."

गांगुर्डेदादांनी फोटो उलटा करून पाहिला, मग अलगद बेकरांच्या खिशात ठेवला. "सायबाला म्हणावं, हा कुलथ्यांना दाखवू नका." आणि जाताना मला म्हणाले, "आपल्याला वाटायचं गोरी माणसं येगळी असत्यात. रजेसाठी बाप मारला यानं. आपलाच माणूस हाय."

त्यानंतर शॉपमध्ये बेकरांचा भाव वाढला. जो तो डोळा मारून विचारायचा, "फादर बरे?" शेवटी त्यांनी मला विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, आमच्याकडे वडीलधाऱ्यांची चौकशी करतात. त्यांनी तसं घरी कळवलं. म्हाताऱ्याने सगळ्या शॉपला शुभेच्छांचं कार्ड पाठवलं. कार्ड नोटीस बोर्डावर लागलं, कुलथेसाहेबांनी वाचलं, आणि काहीच बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात मी पर्मनंट झालो. बेकर खोटारडे ठरले होते आणि मी गप्प बसलो.

चार वर्षं गप्प बसलो. मग जर्मनीहून एक टेलेक्स आला, तारेसारखा छापील निरोप. मशीनच्या दुरुस्तीला बेकर येणार होते, ते आठवडाभर उशिरा येतील. त्यांचे वडील वारले.

शॉपमध्ये हशा पिकला. "पुन्हा मारला," कुणीतरी म्हणालं. मी टेलेक्स घेऊन कुलथेसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्या उभ्या सांगितलं, "साहेब, हे खरे वारलेत. मागच्या वेळी मी मारले होते. बेकरांना माहीतही नाही."

कुलथेसाहेबांनी चष्मा काढला. "ते मला तेव्हाच कळलं होतं. त्या माणसाला असलं सुचणार कुठून? त्यांच्याकडे कारण लागतच नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"खाली सही माझी होती ना."

आम्ही दोघं शॉपमध्ये गेलो. साहेबांनी शोकसभा सांगितली. मशीनं बंद झाली, पण एकही माणूस गंभीर होईना. मागच्या रांगेत तर खिदळणं चाललं होतं. गांगुर्डेदादा म्हणाले, "साहेब, यांचं एकदा झालंय." मी पुढे होऊन सगळ्यांसमोर खरं सांगितलं. तेही कुणाला पटलं नाही. साळवे सायबाला वाचवतोय, असंच ठरलं.

बेकर आले तेव्हा दारातच एकाने त्यांच्याकडे टाळी मागितली. त्यांना कारण मी सांगितलं, सगळं, पहिल्या अर्जापासून. त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाले, "पहिल्या वेळी किती माणसं उभी राहिली होती?"

"दीडशे."

"रडलं कुणी?"

"दोघं-तिघं."

"मग तीच शोकसभा धरू या," ते म्हणाले आणि मशीनकडे गेले.

रजेच्या अर्जात कारणाचा रकाना आजही आहे. माझ्या हाताखालच्या पोरांना मी एवढंच सांगतो : अर्जदाराने सांगितलं तेच लिहायचं. मग ते 'समुद्रकिनारी पडून राहणे' का असेना.