विहिरीच्या गाळातले जीव

धुळ्यातल्या माझ्या एका खोलीत दोन वर्षं माझ्या सोबतीला कोणी असेल, तर ते एका बंद बरणीतल्या काचनळ्यांमधले जिवाणू. हसू नका. कॉलेजातून आले की चप्पल काढायच्या आधी मी त्यांच्याकडे बघायचे.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चोपड्याकडच्या आमच्या विहिरीत स्वतः उतरून तळाचा काळा गाळ काढून दिला होता. त्यातले हे एकपेशीय जीव ऑक्सिजन लागला की मरतात. पृथ्वीच्या हवेत हा वायू जवळजवळ नव्हता, तेव्हापासूनची ही घराणी. पुढे निळे-हिरवे जिवाणू तो सोडू लागले आणि बाकीच्यांच्या जिवावर बेतलं. त्याचं विष उतरवणारी एन्झाइमं ज्यांच्यात घडली ते उजेडात राहिले, उरलेले चिखलात दडले. माझे दडलेल्यांपैकी. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या चिमूटभरच हवा दिली, तर ती एन्झाइमं वाढतात का, एवढंच मला बघायचं होतं. माझी पीएचडी त्यावर अडकलेली.

अशात नाना पहिल्यांदाच राहायला आले. संध्याकाळी मी येते तो काय! खिडक्या सताड उघड्या, बरणीही उघडी, झाकण घासून पालथं घातलेलं.

"बठ्ठं बंद व्हतं, माय," नाना खुशीत म्हणाले. "जीव गुदमरी जाई ना."

केळी पिकवायच्या खोलीचं दार रोज उघडून हवा द्यायची, ही त्यांची जन्माची सवय.

मी उखडलेच. "नसती उठाठेव कोणी सांगितली होती, नाना? दोन वर्षं मातीत घातलीत माझी!" ते सकाळच्या पहिल्या एसटीने निघून गेले.

जीव वाढले की नळी गढूळ होते. नव्या नळ्यांत जुन्यातले थेंब घालून, बरणी बंद करून आठवडाभर वाट पाहिली, एकही झाली नाही. मग नानांचा फोन आला.

"वाचनात का त्या?"

"वाचले सगळे जीव, नाना," मी म्हटलं. सपशेल खोटं. फोन ठेवून खूप रडले.

नवी बरणी आता कॉलेजातच असते. घरात बंद ठेवायचं असं काही नाही. दर रविवारी सांगते, नाना, या ना, मला एकटीला करमत नाही हो. दर वेळी ते तेच म्हणतात.

"नको, माय. तुनाकडे काय उघाडानं अनी काय नही, माले समजस नही."