पुन्हा चेष्टा करा

लॅपटॉप या वस्तूचा मला खराखुरा संताप आला तो माझं तोंड वाकडं झालं त्या आठवड्यात. सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी डाव्या बाजूने ओघळलं. डोळा मिटेना, ओठ एकीकडे ओढलेला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, होईल हळूहळू बरं. हळूहळू म्हणायला त्यांचं काय जातं!

मला घोर होता रविवारचा. दर रविवारी नागपूरहून माझी थोरली बहीण व्हिडिओ कॉलवर यायची. ताईला विसरण्याचा आजार जडलेला. एकेक माणूस तिच्या मनातून पुसलं जात होतं. आदल्या रविवारी तर शेजारी बसलेल्या पोटच्या मुलाला तिने विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?" मी तेवढी उरले होते. आता हे असलं ध्यान बघून मलाही विसरली तर?

माझा फोन बटनांचा, त्यामुळे लॅपटॉपला पर्याय नव्हता. मुलाने पुण्याला परत जाताना त्याला माझा चेहरा शिकवून ठेवला होता. "आई, तू पासवर्ड विसरतेस. नुसती समोर बस, आपोआप उघडेल." बसले. इथल्या, भोपाळच्या टी. टी. नगरातल्या दुकानदाराने त्यात सगळी हिंदीच भरून दिलेली. पडद्यावर अक्षरं उमटली, "हम आपको पहचान नहीं पाए। पुनः चेष्टा करें।"

अर्धं आयुष्य भोपाळात गेलं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न हे मला ठाऊक आहे. भाजीवाल्याशी मी हिंदीतच भांडते. पण त्या दिवशी ते मी मराठीतच वाचलं. पुन्हा चेष्टा करा! अरे मेल्या, देवाने केली तेवढी पुरे नाही झाली?

चष्मा काढला, परत लावला. खिडकी उघडली. बोटाने ओठ वर उचलून धरला. पुनः चेष्टा करें. अयोध्या नगरातलं घर माझं, टेबल माझं, आणि त्यावरचं हे यंत्र मलाच विचारणार, बाई, तुम्ही कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी! माझा आरडाओरडा ऐकून हे आतून आले.

"मी बसून बघू का समोर?"

"तुम्हाला तो कुठे ओळखतो? मला ओळखत होता, तर आता मलाही विचारेना!"

शेवटी यांनी मुलाला फोन लावून माझ्या हातात दिला.

"अगं आई, मग पिन टाक ना. बाबांची जन्मतारीख."

"हे आधी सांगायला तुझी जीभ झिजली असती का रे?"

लॅपटॉप उघडला. कॉल लागला. मी पदराने अर्धं तोंड झाकून बसले. पलीकडे ताईची सून तिला म्हणत होती, "आई, बघा बरं कोण आहे." ताई नुसतीच टक लावून बघत राहिली. मला राहवेना. जे व्हायचं ते होऊ दे म्हणून पदर सोडला.

ताईच्या कपाळाला आठी पडली. "तोंड वाकडं कशाला करतेस गं? लहानपणापासून हीच खोड तुझी. कोण बोललं तुला?"

"हा लॅपटॉप बोलला गं ताई," मी म्हणाले, आणि त्या वाकड्या तोंडानेच रडले.