आंबा घेशीन का बोर?

नात हॉकी स्टिकला जवसाचं तेल चोळू लागली आणि त्या वासानं मला पन्नासेक वर्षांपूर्वीचं, कारंज्याच्या शाळेचं काळ्या मातीचं मैदान आठवलं. मी कर्णधार, म्हणजे अकलेचा कांदा. गडी वाटून घेताना जोडीनं आलेल्या पोरी गुपचूप टोपणनावं ठरवायच्या आणि कर्णधारानं त्यातलं एक मागायचं. त्या दिवशी आमच्या दोन्ही नामी फॉरवर्ड, एक उंच, एक बुटकी, गळ्यात हात घालून आल्या. "आंबा घेशीन का बोर?" जिंकायला मला उंच, वेगवान पोरगीच हवी होती, तिचा जीव आंब्यात, म्हणून मी ऐटीत आंबा मागितला. तर बुटकीच उड्या मारत आली, "तू आंबाच म्हणशीन, मले ठाऊक होतं! तुह्या बाजूनं खेळाचं होतं मले." मी रुसून तिला एकही पास दिला नाही आणि आम्ही हरलो. इतक्या हौसेनं माझ्याकडे पुन्हा कुणी आलं नाही. आमचे हेसुद्धा नाही.