लोहगडवाडीच्या चढावरची उटी

वराळ्यातल्या आमच्या घराच्या फाटकातून जीप बाहेर काढली तेव्हा आळीतली माणसं कौतुकाने उभी होती. कुणी मोबाईलवर फोटो काढत होतं, कुणी बॉनेटवर हात फिरवून रंग खरंच वाळलाय का बघत होतं. आई मात्र पाठमोरी होऊन चपला घालत होती. बराच वेळ घालत होती.

"बसू कुटं?" शेवटी तिने विचारलं. जशी काही ह्या जीपमध्ये ती आयुष्यात बसलीच नव्हती.

खरं तर आईइतकं ह्या जीपमध्ये कुणीच बसलेलं नाही. माझे वडील, अण्णा, लोहगडवाडीच्या बाजूचं दूध गोळा करून लोणावळ्याच्या हॉटेलांना घालायचे. चारही चाकं ओढणारी ही जुनी जीप त्यांनी त्यासाठीच घेतली होती. त्यांच्या शेजारी आई असायची, आणि आईच्या पायाशी बाभळीची उटी (चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून चाकाखाली लावायचा लाकडाचा ठोकळा). गाडी चढाला थांबली की आई उडी मारून उतरायची, उटी लावायची, आणि गाडी पुढे गेली की उटी उचलून मागून चालत यायची. मग एकदा लोहगडवाडीच्या चढावर जीप मागे सुटली. आईने धावत जाऊन उटी लावली. जीप दरीच्या कडेला थांबली खरी, पण आईची दोन बोटं चाक आणि उटीच्या मध्ये सापडली. ती बोटं अजून सरळ होत नाहीत. अण्णांनी त्या दिवसानंतर जीप मागच्या शेडमध्ये लावली ती लावलीच. अण्णा गेले, शेडमध्ये कोंबड्या राहायला आल्या. आई त्या चढाने पुन्हा कधी वर गेली नाही.

मी तळेगावच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. लोखंड दिसलं की माझे हात शिवशिवतात. दर रविवारी शेडमध्ये घुसायचो. सीटमधून अंडी काढली, गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला, इंजिन सुटं करून पुन्हा बांधलं. कार्ब्युरेटर स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुतला म्हणून बायकोने, मनीषाने, माझ्याशी अबोला धरला. रंगाच्या दिवशी धूळ बसू नये म्हणून चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या, तरी शेजाऱ्याने नेमकं तेव्हाच भात झोडायला घेतलं. मी कुंपणावरून त्याच्याशी कडाकडा भांडलो आणि सगळा रंग घासून परत मारला. चकचकीत झाल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा माझा स्वभावच आहे. सीटखालची उटीसुद्धा मी सोडली नाही. पॉलिशपेपरने घासून घासून, वार्निश मारून तिला आरशासारखी केली. आई हे सगळं लांबून बघायची, शेडमध्ये पाऊल टाकायची नाही.

मग लोहगडवाडीला दिलेल्या माझ्या हौसा मावशीचे गुडघे गेले. आजवर तीच खाली यायची, आता तिला गाडीतून उतरणंचढणं जमेना. दोन दिवसांनी आई म्हणाली, "ने मला वर. तुज्या गाडीतनंच ने. पन मदीच मला उतरावं लागलं, तर गाडी भंगारात. पुन्यांदा तिचं नाव काढायचं न्हाई."

मी हो म्हणालो. आईचा शब्द म्हणजे काय असतो ते मला चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे रात्री झोप मात्र लागली नाही.

जुन्या हायवेवर जीप छान पळाली. दोन्ही बाजूंना इंद्रायणी भात लोंब्यांवर आलेला, हवेत त्याचा वास. आईने समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. मी गप्पा काढायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "फुडं बघ."

कामशेतला उस्मानचाचांच्या गॅरेजवर थांबलो. गिअरबॉक्स आणि ब्रेकच्या कामात त्यांनीच मला हात दिला होता. त्यांनी आईला खुर्ची दिली, चहा मागवला, गाडीखाली वाकून पाहिलं.

"भाभी, पोरानं गाडी नवरी केलीय," ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "पायाचा ब्रेक पक्का आहे. हँडब्रेक नवा आहे, अजून बसायचाय. चढावर त्याच्या भरवशावर राहू नका. उटी घेतलीय ना?"

मी मोठ्या ऐटीत सीटखालून उटी काढून दाखवली. चाचांनी ती हातात फिरवली. "ही उटी आहे का देव्हाऱ्यातला पाट?" म्हणून हसले. मीही हसलो. आईने मात्र चहाचा कप खाली ठेवला आणि त्या उटीकडे बघत राहिली.

मळवलीचं रेल्वे फाटक बंद होतं. आगगाडी जाईपर्यंत मागे रांग लागली. शनिवार असल्यामुळे पुण्या-मुंबईच्या गाड्या भाजे लेण्यांच्या दिशेने लोटल्या होत्या. फाटक उघडल्याबरोबर हॉर्नचा असा काही गदारोळ झाला की माझं डोकंच फिरलं. खरं तर चढ सुरू व्हायच्या आधी खाली उतरायचं होतं. ह्या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक फिरकी असते. ती हाताने फिरवली तरच पुढची चाकं ओढतात, नाहीतर आतला लिव्हर कितीही ओढा, जोर फक्त मागच्या चाकांवर. मागच्या गाडीवाल्याशी हुज्जत घालण्याच्या नादात मी ते विसरलो आणि तसाच चढाला लागलो.

वर सोनकी (पावसाळा सरताना डोंगरउतारावर फुलणारं पिवळं रानफूल) इतकी फुलली होती की विसापूर किल्ल्याचा उतार पिवळा पडला होता. एका बाजूला डोंगराचा कातळ, त्यातून अजून पाणी झिरपत होतं आणि रस्त्यावर शेवाळ धरलं होतं. दुसऱ्या बाजूला तुटका कठडा. आईने कठड्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. तिची वाकडी बोटं दांडीवर पांढरी पडली होती.

"आई, झालंच आता."

"बोलू नको."

अवघड वळणावर पुढची पर्यटकांची गाडी एकदम थांबली. समोरून एक टेम्पो उतरत होता आणि दोघांपैकी कुणी मागे घ्यायला तयार नव्हतं. मला ब्रेक मारावाच लागला. थोड्या वेळाने टेम्पो कसाबसा खाली गेला, पुढची गाडी वर निघून गेली. मागच्या गाड्या खालीच लेण्यांकडे वळल्या होत्या, माझ्यामागे रस्ता रिकामा होता. मी क्लच सोडत ॲक्सिलरेटर दिला. मागची चाकं शेवाळावर गरगर फिरली आणि जीप पुढे जाण्याऐवजी तिरकी होऊन मागे सरकली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला, तर तो सुटा हातात आल्यासारखा झाला. मागचं डावं चाक कठड्याच्या तुटक्या भागाच्या समोर होतं.

तेव्हा मला फिरक्यांची आठवण झाली. त्या फिरवायला उतरायचं म्हणजे ब्रेकवरचा पाय काढायचा, आणि पाय काढला की गाडी खाली. कुणीतरी उटी लावायला हवी होती, आणि गाडीत दुसरं माणूस एकच होतं. हाका मारल्या, पण वळणापलीकडे कुणाला ऐकू जाणार? पोटरीत गोळा येऊ लागला. ब्रेक धरून ठेवलेला पाय थरथरत होता आणि ती थरथर आईला दिसत होती.

मी खोटं सांगत नाही, त्या क्षणीही माझ्या डोक्यात गाडी होती. एवढ्या रविवारांची मेहनत, अण्णांची आठवण, सगळं एका शब्दाने भंगारात जाणार होतं. मग मी आईच्या बोटांकडे पाहिलं आणि माझीच मला लाज वाटली.

"आई, उतर," मी म्हणालो. "डोंगराच्या बाजूला जाऊन उभी राहा. गाडी गेली तर जाऊ दे."

तिने डोळे उघडले. माझ्या पायाकडे पाहिलं. मग सीटखाली हात घातला, उटी काढली आणि उतरली. पण डोंगराच्या बाजूला गेली नाही. मागे गेली.

"आई! मागे नको! आई!" मी ओरडत होतो. आरशात फक्त तिचा पदर दिसत होता.

खट्ट आवाज झाला. "सोड जरा," ती म्हणाली. मी केसाएवढा ब्रेक सोडला, तशी जीप मागे घसरली. मी पुन्हा दाबला. माझ्या वार्निश मारलेल्या उटीला चाकाने धरलंच नव्हतं, ती ओल्या रस्त्यावरून साबणाच्या वडीसारखी सरकून गेली होती. आई काहीतरी पुटपुटली. मग कठड्याचा निखळलेला दगड ओढत आणल्याचा आवाज आला. तेवढा वेळ मी देवाचं नाव घेतलं नाही, अण्णांचं घेतलं.

"आता सोड. हळू."

जीप एकदा मागे टेकली आणि थांबली. मी पाय काढला. तरीही ती थांबलेलीच राहिली. मी उतरलो. आई दगडापाशी उभी होती आणि तिचे हात धड होते. मी आधी तिची बोटं पाहिली, मगच फिरक्या फिरवायला गेलो.

"तू बस आत," मी म्हणालो.

"उटीवालं मानूस मागनं येतं. तू वरच्या सपाटीवर थांब. तुजे अण्णा तितंच थांबायचे."

ह्या वेळी पुढची चाकंही ओढू लागली आणि जीप सरळ वर चढली. सपाटीवर थांबलो. मागे वळून पाहिलं तर आई रस्त्यातला दगड ढकलून कडेला करत होती, मागून येणाऱ्याला लागू नये म्हणून. मग एका हातात उटी घेऊन पदर खोचून ती चढ चढून आली आणि शेजारी बसली. शर्त मोडली होती.

लोहगडवाडीत मावशी घराच्या ओट्यावर बसून होती. तिच्या सुनेचा ट्रेकवाल्यांसाठी पिठलं-भाकरीचा स्टॉल आहे. जीप दिसताच मावशी उठायला गेली आणि गुडघा धरून खाली बसली.

"अगं बया! हिच्यातनं आलीस?"

"व्हय," आई म्हणाली, आणि दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. किती वर्षांनी आई त्या ओट्यावर बसली होती! भाकरी गरम होती, ठेचा झणझणीत होता, पण मी ताट घेऊन दारात जाऊन बसलो. बाहेर पर्यटक जीपसमोर उभे राहून फोटो काढत होते आणि मला ते एखाद्याच्या शेवटच्या फोटोसारखे वाटत होते.

जेवण झाल्यावर मावशी म्हणाली, "मलाबी ने खाली. लोनावळ्याचा बाजार बघून लय दिस झालं. मग ऱ्हाते तुमच्याकडं आठ-पंधरा दिस."

मी आणि तिच्या मुलाने तिला उचलून पुढे बसवलं. आई आपण होऊन मागच्या बाकावर गेली, अगदी दारापाशी. "हितनं उतराया सोपं पडतं," म्हणाली. उतारावर मी छोट्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने आलो. त्या वळणाशी मावशी बडबडत होती आणि आई मागून नुसती बाहेर बघत होती. डोळे उघडे ठेवून.

लोणावळ्यात चिक्की घेतली, मावशीने भाव करून करून गाऊन घेतला, दुकानदाराने जीप कुठून आणली म्हणून विचारलं. "आमचीच हाय," आईने सांगितलं. मी तेवढ्यावर आशा धरली नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जीप शेडमध्ये लावली आणि मला राहवलं नाही.

"आई, उद्या भंगारवाल्याला सांगू?"

"कशापायी?"

"तू वाटेत उतरलीस ना."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी गणित चुकल्यावर पाहायची. "उतरले कुटं? उटी लावाया गेलते." आणि मावशीला हात देऊन आत गेली.

सकाळी कसल्याशा आवाजाने बाहेर आलो. आई अंगणात बसली होती आणि कोयत्याने उटीवर घाव घालत होती. वार्निशच्या ढलप्या उडत होत्या. पॉलिशपेपर चालवताना मी त्या लाकडावरचे सगळे ओरखडे, टायरच्या दाताने पडलेली खाच, सारं घासून काढलं होतं. उटी कशाने धरते हे मला कळलं नव्हतं. आई तिथेच आडवे घाव घालून नवी खाच पाडत होती.

झाल्यावर तिने उटी फुंकून साफ केली, शेडमध्ये गेली, दार उघडलं आणि आपल्या सीटखाली ठेवली. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये ती पहिल्यांदाच गेली होती. बाहेर येताना म्हणाली, "मावशीला पोचवाया जायचंय नव्हं? मग चढाच्या आदी थांबत जा, फिरक्या फिरवाया."