खंडेनवमीची फिल्म

माझे आजोबा मूकपट काढायचे, पण स्वतःचं तोंड काही मिटायचे नाहीत. कॅमेरा चालू असताना बाजूला उभे राहून ओरडायचे, "आता बघ तिच्याकडं! आता रड!" बोलपट आले आणि कॅमेऱ्यामागच्या सगळ्यांवर गप्प राहून काम करायची वेळ आली. आजोबांना नेमकं तेवढंच जमेना. चार-पाच चित्रपट करून ते सोलापूरला परतले आणि पुढं जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या.

घरात माहिती एवढीच. माझं त्यावर कधीच भागलं नाही. ते माणसं कशी उभी करत? उजेड कुठून घेत? घरचे वैतागून मला 'चौकशीची खिडकी' म्हणायचे.

त्यांचा एकही चित्रपट आज कुठं शिल्लक नाही. त्यामुळे वळसंगच्या आत्याकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे, फिल्मचा तुकडा आहे असं गेल्या वर्षी कळलं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी सकाळची एसटी पकडली. त्यांच्या हातचं एक चित्र दिसलं असतं, तरी मला खूप होतं.

आत्या सत्त्याऐंशीची, नजर अधू. आजोबांचे शेवटचे दिवस तिच्याकडेच गेले. तिनं ट्रंकेतून खणात बांधलेलं पुडकं काढून माझ्या हातात दिलं.

मी फिल्म दाराच्या उजेडात धरली. तिच्यातून अंगणातलं लिंबाचं झाड दिसलं. पुढं सरकवली, तरी झाडच. दहा-बारा हात फिल्म, सगळी कोरी. कडेच्या भोकांत हळद-कुंकू साचलेलं.

"आत्या, काय केलंस गं हिला?"

"काय करनार? खंडेनवमीला समदे आपापली हत्यारं धुऊन पुजत्यात. तुझ्या आज्याचं हत्यार हेच की. दर साली रिठ्याच्या पाण्यात घालून हातानं चोळती. आदी लई काळं पाणी निघायचं. मळ जातोय म्हनून मला किती बरं वाटायचं!"

मला संताप आला आणि रडूही. त्या काळ्या पाण्याबरोबर आजोबांची चित्रंच वाहून गेली होती. माझं गप्प बसणं तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं चाचपडत माझा हात धरला.

"का गं? मळ न्हवता व्हय त्यो?"

"मळच होता, आत्या," मी म्हणाले. "लई वर्षांचा."