नापासाचा गूळ

इंटरच्या परीक्षेचा नियम मला आजही पाठ आहे आणि आजही त्याचा राग येतो. प्रत्येक विषयात वेगळं पास व्हायचं. एकात दांडी उडाली की बाकीचे कितीही चांगले जावोत, सगळे पुन्हा द्यायचे. संस्कृत आणि इतिहास मी झकास लिहिले होते. पण लॉजिकचा पेपर हातात पडला आणि डोकं बधिर झालं. सुचेल ते खरडलं. सांगलीहून गावी परतलो तो निकालाचे दिवस मोजतच.

घरी चुलत्यांचा नियम विद्यापीठाहून कडक. ते पहिल्या लढाईतले पेन्शनर हवालदार. वडलांच्या माघारी घरात तेच कर्ते. "एका दमात पास झालास तर फुडं शीक, न्हाईतर भरती," एवढंच ते बोलले होते. थोरला भाऊ आधीच ब्रह्मदेशात लढत होता आणि बरेच महिने त्याची खुशाली आली नव्हती. मला बंदुकीची भीती वाटायची. पण आमच्या तासगावकडच्या त्या गावात घरटी एक माणूस पलटणीत, तिथं हे बोलायची सोय नव्हती.

निकाल वर्तमानपत्रात नंबरानं छापून यायचा आणि आमच्या गावात वर्तमानपत्र येत नव्हतं. सांगलीत माझ्या खोलीत राहणारा सोबती शहरातला. मला लवकर कळावं म्हणून त्यानं सरळ तार ठोकली. लढाईच्या दिवसांत आमच्याकडे तार एकाच कारणानं येते, हे त्या बिचाऱ्याला कुठलं ठाऊक!

तारवाला वेशीतून आत आला की तार फुटायच्या आधीच रडं सुरू व्हायचं. तशी रीतच पडली होती. तो आमच्या दारात थांबला तेव्हा आई उंबऱ्यातच मटकन बसली. शेजारणीनं आत जाऊन आमच्या पेटत्या चुलीत पाणी ओतलं. चुलत्यांनी डोक्याचा पटका काढला. इंग्रजी वाचणारा घरात मी एकटा, म्हणून तार माझ्या हातात आली.

लिफाफा फोडायला घेतला. तेव्हा मी मनात देवाच्या पाया पडलो. ही माझी तार असू दे. मी नापास झालेलो असू दे.

तशीच निघाली.

"आये, दादाचं काय न्हाई ह्यात! मी नापास झालोय!" मी ओरडलो.

आई हसत-रडत उठली. तिनं गुळाची ढेप फोडली आणि परात घेऊन दारात आली. "पोरगं नापास झालं गं माझं!" म्हणत ती प्रत्येकीच्या हातावर खडा ठेवू लागली. रडायला आलेल्या बायका गूळ खात माझ्या तोंडावरून हात फिरवत होत्या. मी भिंतीला टेकलो होतो. कॉलेज संपलं होतं. मला धाय मोकलून रडायचं होतं, पण त्या आनंदात रडायचं कसं?

चुलत्यांनी पटका पुन्हा बांधला, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "मग ठरल्यापरमानं. सोमवारी ह्याला साताऱ्याला भरतीला नेतो."

आईचा हात परातीतच राहिला. "आवं भावजी, फुडल्या साली दील की परीक्षा."

"एकाच खेपंचं ठरलं हुतं," ते म्हणाले.

आईनं परात खाली ठेवली. गावाच्या पलीकडच्या अंगाच्या बायका आत्ता कुठं पोचत होत्या. त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं. त्या ऊर बडवतच येत होत्या. त्यांना कुणी थांबवलं नाही.