हिब्रूबाईंचं शुद्धिपत्र

हिब्रूबाई कुठलाही लेख खालून वर वाचत. आधी तळटीपा, मग संदर्भसूची, आणि तिथे मन भरलं तरच मूळ मजकूर. बहुतेक वेळा मन भरत नसे. "माणूस वर नटून बसतो गं, खाली उघडा पडतो," असं म्हणत त्या कागद माझ्याकडे सरकवत आणि चष्मा काढून डोळे चोळत, जणू लेखकाने त्यांच्या तोंडावर धूळ उडवली होती. सुरुवातीला मला वाटायचं, जगाला इतकं तुच्छ लेखणारी बाई मी पाहिली नाही. पुढे ते लेख मी स्वतः वाचू लागले, तेव्हा माझंही तोंड तसंच होऊ लागलं.

धाराशिवात चर्चच्या आवारात मागच्या बाजूला दोन खोल्यांचं कार्यालय होतं. बायबलच्या अभ्यासाला वाहिलेलं एक सहामाही नियतकालिक तिथून निघे. मालकी एका विश्वस्त संस्थेची, संपादक बाई. आयुष्यभर बाहेरगावी धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात हिब्रू शिकवून त्या गावी परतल्या होत्या. हिब्रू म्हणजे काय हे गावाला ठाऊक नव्हतं, पण स्टँडवरच्या रिक्षावाल्याला "हिब्रूबाईंकडं" एवढं सांगितलं की पुरे. काहींना ते त्यांचं आडनाव वाटे. बाईंनी ते कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न करता सोडलेली तेवढीच एक गोष्ट असावी.

मी जिल्ह्यातल्याच वाशी गावची. घर लिंगायत वाण्याचं, बाजारात वडिलांचं भुसाराचं दुकान. मराठीत एम. ए. करून घरी बसले होते, तेव्हा त्यांच्याकडे मजकूर तपासायला माणूस हवा असल्याचं कळलं. वडील सोबत आले. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी विचारलं, "बाई, बायबलातलं हिला काय कळणार? आन् धर्म-बिर्म बदलायचं तर काय न्हाय ना?"

"बायबल मला कळतं," बाई म्हणाल्या. "हिनं आधी ऱ्हस्व-दीर्घ बदलले तरी पुष्कळ झालं."

मला बायबलमधलं ओळभरही येत नव्हतं आणि त्याचंच त्यांना बरं वाटत होतं. त्यांच्या मते ज्याला वचनं पाठ असतात तो कागदावर काय छापलंय ते बघतच नाही, डोक्यातलं वाचतो. मी कागदावरचं वाचायची. प्रत्येक संदर्भ पुस्तक उघडून ताडून बघायची. त्या नादात मला पुढे इतकं बायबल आलं की वडिलांना सांगायची सोय राहिली नाही.

लेख येत ते चर्चच्या पाळकांचे आणि प्राध्यापकांचे. पाळकांना निदान काही सांगायचं असे. प्राध्यापकांना बढतीसाठी छापील पान हवं असे. नियम आम्ही प्रत्येक अंकाच्या शेवटी छापत होतो. मजकूर युनिकोडमध्ये टाईप करा, संदर्भ देताना पुस्तक, अध्याय, वचन हा क्रम पाळा, लेखात स्वतःचं नाव येऊ देऊ नका, कारण तो नाव झाकून परीक्षकाकडे जातो. ते पान कुणी वाचल्याचा पुरावा मला कधी सापडला नाही. एकाने हस्तलिखिताचे मोबाईलवर फोटो काढून पाठवले, त्यात त्याचा अंगठा आणि चहाची कपबशी होती. एका विद्वानाने पहिल्या पानावरचं नाव इमानदारीने काढलं आणि दुसऱ्याच पानावर लिहिलं, "याविषयी मी माझ्या गाजलेल्या ग्रंथात सांगितलंच आहे." खाली तळटीपेत ग्रंथाचं नाव, स्वतःचं नाव, सगळ्या पदव्या आणि फोन नंबर. एकाचा जुन्या फॉन्टमधला लेख आमच्या कॉम्प्युटरवर उघडला तर नुसते कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. बाईंनी त्याला फोन केला. "लेख मिळाला, सर. आतापर्यंत तुम्ही पाठवलेल्यांत हाच बरा आहे."

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. कुठून तरी उचलून ते मराठी मजकुरात चिकटवलं की कधीकधी अक्षरं उलटी बसतात, शब्द शेपटाकडून सुरू होतो. ज्याला भाषा येते त्याला ते क्षणात दिसतं. ज्याला येत नाही त्याला ती नक्षीच. हिब्रू शब्दांच्या अर्थछटांवर प्रबंध लिहिलेल्या एका विभागप्रमुखाच्या लेखात झाडून सगळे शब्द उलटे होते. बाईंनी फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"सर, तुम्हाला हिब्रू येतं?"

"म्हणजे... संदर्भापुरतं येतं."

"मग सगळं उलटं का आलंय?"

"ते सॉफ्टवेअरमुळं होतं, मॅडम."

"बरं. मग लेखक म्हणून सॉफ्टवेअरचं नाव घालू का?"

फोन तिकडून बंद झाला. बाई कितीतरी वेळ खुशीत होत्या. मला चहा पाजला.

ही खुशी नेहमीच शोभत नसे. ढोकीकडचे एक पाळक साखर कारखान्याजवळच्या वस्तीत छोटी ख्रिस्ती मंडळी चालवत. ते लेख घेऊन स्वतः आले. बाईंनी सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी उघडलं आणि आणखी दोघे पाहुणे बसलेले असताना म्हणाल्या, "हे रविवारचं प्रवचन आहे. खाली चार टीपा डकवल्या म्हणून त्याचा लेख होत नाही." पाळकांनी कागद घडी करून पिशवीत ठेवले, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेले. परत कधी आले नाहीत.

मी म्हटलं, "बाई, ते उन्हाचे एसटीनं आले होते. पाणी तरी विचारायचं."

"पाण्याचं राहिलं, खरंय," त्या म्हणाल्या. "पण लेख तसाच आहे. नियम सगळ्यांना एकच."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. विभागप्रमुखाला हाणायला जी काठी होती, ती त्या गरीब माणसावर उचलायचं कारण नव्हतं. बाईंना माणसांतला फरक दिसत नसे, फक्त कागदांतला दिसे.

संस्थेचे अध्यक्ष रेव्हरंड डॉक्टर होते. डॉक्टर कशाचे, हे विचारायची पद्धत नव्हती. भाषण, उद्घाटन, सत्कार यांतून उरलेल्या वेळात ते चिंतन करत, असं त्यांचेच चिरंजीव सांगत. एके वर्षी त्यांनी प्रत्येक सभेत जाहीर करायला सुरुवात केली की येत्या अंकात सरव्यावर त्यांचा संशोधनपर लेख येतो आहे. त्यानंतर लेख आला. कापणीच्या वेळी शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसं, म्हणजे सरवा, गरिबांना आणि परक्यांना वेचू द्यावा, अशी जी आज्ञा बायबलात आहे, तिच्यावर तो होता. लेख चांगला होता. मला पहिली शंका तिथेच यायला हवी होती.

मी संदर्भ ताडत होते. एका ठिकाणी लेवीय या मोशेच्या पुस्तकाचा एकोणतिसावा अध्याय दिला होता. पुस्तक उघडलं तर अध्यायच सत्तावीस. मी हसत हसत बाईंकडे गेले. "बाई, अध्यक्षांनी मोशेला दोन अध्याय जादा लिहून दिलेत."

त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "ते वाक्य वाच बघू."

मी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "अजून वाच. मागचं वाच." मी मागचं वाचलं, पुढचं वाचलं. त्या उठल्या, कपाटातून एक जुना, पिवळा पडलेला अंक काढला आणि पान उघडून माझ्यापुढे ठेवला. तेच वाक्य, तोच परिच्छेद, तोच एकोणतिसावा अध्याय. वर नाव बाईंचं.

"एकोणीस लिहायचं होतं," त्या म्हणाल्या. "ही चूक माझी आहे."

मला चोरीचा संताप आला होता. त्यांना वेगळंच काही लागलं होतं. त्यांनी अंकावर हात ठेवला. "इतकी वर्षं हे असंच छापलेलं होतं, लीला. कुणी मला सांगितलं नाही. म्हणजे कुणी वाचलंच नाही." अंक मिटून म्हणाल्या, "चोरानं तरी वाचायचं."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष गाडीतून उतरले. बाईंनी दोन्ही पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती बघितल्यासारखं केलं आणि मोठ्या मायेने म्हणाले, "बाई, ज्ञान काय कुणाच्या मालकीचं असतं?"

"ज्ञान नसतं, साहेब. चूक असते. ही माझी आहे, ती मला परत द्या."

अध्यक्षांची माया आटली. "लेख अंकात पहिला घ्या. मी सगळीकडं सांगून बसलोय. नाहीतर हे नियतकालिक चालवायचं का, आणि कुणी चालवायचं, याचा संस्थेला विचार करावा लागेल."

ते गेल्यावर मी बाईंना समजावलं. खाली बारीक अक्षरांत मूळ लेखाचा उल्लेख घालून छापून टाका, कोण बघतंय? त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती तोवर फक्त विभागप्रमुखांच्या लेखांच्या वाट्याला आली होती. "लेख तर जायचा न्हायच," त्या म्हणाल्या. रागावल्या की त्यांची भाषा हिब्रूच्या आधीची होई. "पण माझी चूक बी आता झाकून ठेवता येत न्हाय. लिही."

अंक निघाला. अध्यक्षांचा लेख त्यात नव्हता. शेवटच्या पानावर, जिथे नियम असत तिथे, शुद्धिपत्र होतं. "या नियतकालिकात पूर्वी प्रसिद्ध झालेल्या सरव्यावरील माझ्या लेखात लेवीय पुस्तकाचा एकोणतिसावा अध्याय उद्धृत केला आहे. असा अध्याय नाही. तेथे एकोणिसावा वाचावे. ही चूक, तिच्या मागच्यापुढच्या वाक्यांसह, आमच्याकडे नुकत्याच आलेल्या एका लेखातही आढळली. त्या लेखकानेही आपल्या प्रतीत दुरुस्ती करून घ्यावी." खाली संपादक म्हणून बाईंची सही.

नाव कुणाचंच नव्हतं. पण सरव्यावर लेख कुणाचा येणार होता, हे अध्यक्षांनी स्वतःच गावोगाव सांगून ठेवलं होतं. ते पान मात्र सगळ्यांनी वाचलं. लोकांचे फोन आले, फोनवर हसणं आलं. ज्यांनी जन्मात तळटीप वाचली नव्हती, त्यांनी एकमेकांना शुद्धिपत्र वाचून दाखवलं. अध्यक्षांना तक्रार करता येईना, कारण तक्रार करायची म्हणजे तो लेखक मीच, हे आधी कबूल करायचं. त्यांनी संस्थेची सभा बोलावली आणि बाईंच्या वयाबद्दल फार काळजी व्यक्त केली. सभासदांनीही काळजी व्यक्त केली. त्यात बाईंचे दोन माजी विद्यार्थी होते. त्यांनी तर जास्तच केली.

नवे संपादक अध्यक्षांचे जावई. पुढचा अंक त्यांनी काढला, त्यात पहिलाच लेख सासऱ्यांचा, सरव्यावरचा. शब्दन् शब्द तोच. फक्त अध्याय आता एकोणिसावा होता. बाईंच्या शुद्धिपत्राचा लाभ घेणारा महाराष्ट्रात एवढा एकच लेखक निघाला. त्यानंतर नियतकालिक आपोआप बंद पडलं, कारण लेख तपासणार कोण? मी तोवर काम सोडलं होतं.

आज मी वाशीत घरी बसून परदेशातल्या अशाच नियतकालिकांचे लेख छपाईसाठी नीट लावून देते. तिकडचे विद्वानही नियमांचं पान वाचत नाहीत, हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना फार समाधान वाटलं. बाजारहाटासाठी धाराशिवला गेले की मी त्यांच्याकडे जाई. त्यांना दिसायचं कमी झालं होतं. मी वाचायची आणि त्या पडल्या पडल्या नावं ठेवायच्या. त्यांना दिसत नव्हतं तरी चूक माझ्या वाचण्यातून कळे. "इथं अडखळलीस. काहीतरी घाण केलीय त्यानं. बघ."

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. चर्चमधल्या प्रार्थनेला अध्यक्ष पुढच्या बाकावर होते. ते बोलायला उठले, कंठ दाटून आल्याचं दाखवलं आणि म्हणाले, "प्रकृती साथ देईना म्हणून बाईंनी स्वतःहून संपादकपद सोडलं. त्यांच्याशिवाय ते काम पुढं न्यायचं आमच्या जिवावर आलं." तिथल्या पाळकांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का. कुणाला नव्हतं. मी उठले. त्या चर्चमध्ये मला बोलायचा काही अधिकार नव्हता, गळ्यात तर लिंग होतं.

"मी बाईंच्या हाताखाली काम केलं," मी म्हटलं. "अध्यक्ष आत्ता म्हणाले त्यात एक दुरुस्ती आहे. बाईंनी काम सोडलं नाही. ते त्यांच्याकडून काढून घेतलं. चोरलेला लेख त्यांनी छापला नाही, म्हणून."

मी बसले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. अध्यक्ष मोबाईल काढून त्यात काहीतरी शोधू लागले. मागच्या बाकावरून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "व्हय, खरं हाय ते." आणि पाळकांनी घाईने गीत सुरू केलं.

दफनभूमीत पेटी खाली उतरवल्यावर एकेक जण पुढे होऊन माती टाकू लागला. मी मागे उभी होते. बाईंची धाकटी बहीण जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुमच्यात चालत नसेल तर राहू द्या, बाई. लांबून नमस्कार केला तरी पोचतो."

"आमच्यातही पुरतात, मातीच देतात," मी म्हटलं. पुढे जाऊन खाली वाकले, ढेकळं हातानेच फोडून मऊ केली आणि ओंजळभर माती त्यांच्यावर सोडली.